पिसदुऱ्याचं शेण आणि आपले फॉरवर्ड

२ एप्रिल २०२२ ला गुढीपाडवा होता. संध्याकाळी पावणेआठच्या आसपास नागपूरच्या आकाशातून जळत्या ठिणग्यांची एक लांबच लांब रांग सरकत गेली, गच्चीवर असलेल्या प्रत्येकाने मोबाईल वर धरला आणि पुढच्या दहा मिनिटांत उल्का, धूमकेतू, एलियन, शत्रूचं मिसाईल, नववर्षाचा शुभसंकेत असं सगळं एकाच ग्रुपवर येऊन पडलं. तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला, धातूची एक भलीमोठी रिंग धपकन येऊन पडली, जवळपास तीन मीटर व्यासाची. नंतर आजूबाजूच्या गावांत गोळेही सापडले. ते चिनी रॉकेटचे तुकडे निघाले, लाँग मार्च ३बी चे.

आता गंमत अशी की रिंग पडली नसती तरी नुसत्या डोळ्यांनी हे ओळखता आलं असतं. उल्का वातावरणात घुसते ती सेकंदाला ११ पासून ७० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने, त्यामुळे बहुतेक उल्का 'अरे ते बघ' म्हणेपर्यंत संपलेली असते. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येते ती सेकंदाला साधारण आठ किलोमीटरने, जवळजवळ आडवी, तुटत तुटत, म्हणून तिचे तुकडे एकामागे एक रांगेत निवांत जाताना दिसतात. म्हणजे ज्याने कोणी व्हिडिओ काढला त्याच्या हातातच उत्तर होतं. पण व्हिडिओ लगेच पुढे गेला नं, बघायला थांबलं कोण?

माझं म्हणणं या लेखात एकच आहे. निसर्गातलं नवल सांगताना ते कसं कळलं हे सोबत सांगितलंच पाहिजे, शाळेत, म्युझियममध्ये, पेपरात, सगळीकडे, आणि नागपूरने तर यावर रीतसर पैसा खर्च करायला पाहिजे, कारण आपल्या आजूबाजूच्या दोनअडीचशे किलोमीटरमध्ये जेवढा अस्सल माल पडला आहे तेवढा फार कमी शहरांच्या वाट्याला येतो. आणि आपण मात्र अ‍ॅमेझॉनच्या जंगलातला कुठला तरी फोटोशॉप केलेला साप एकमेकांना पाठवून राहिलो.

पिसदुऱ्याचंच घ्या. नागपूर-चंद्रपूर रोडवर वरोरा लागतं, त्या तालुक्यातलं हे गाव. ताडोब्याला मोहर्ली गेटने जाणारे वरोऱ्यातला चहा पिऊन पुढे जातात, पिसदुऱ्याकडे वळत कोणी नाही. तिथल्या लाल मातीत डायनासोरची हाडं मिळतात हे इंग्रजांच्या काळापासून माहीत आहे, आणि हाडांसोबत मिळते दगड झालेली विष्ठा. ढिगाने. १९३०-४० च्या सुमारास मॅटली नावाच्या शास्त्रज्ञाने त्या शेणावर स्वतंत्र पेपर लिहिला होता. म्हणजे वस्तू नवी नव्हती, ड्रॉवरमध्ये पडलेली होती, फक्त आत बघायची पद्धत यायची होती.

ती पद्धत अशी. गवत जमिनीतून पाण्यासोबत सिलिका ओढून घेतं आणि आपल्या पेशींमध्ये साठवतं. धुऱ्यावरचं गवत हाताला कापतं ते त्यामुळेच, आणि धानाच्या कोंड्याची राख भांडी घासायला चांगली तीही त्यामुळेच. गवत सडून जातं, जनावराच्या पोटात पचून जातं, पण हे सिलिकाचे सूक्ष्म कण काही केल्या जात नाहीत, आणि त्यांचा आकार गवताच्या जातीजातीप्रमाणे वेगळा असतो. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद, तेव्हा स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी या चौघांनी पिसदुऱ्याच्या दगडी शेणाचे तुकडे अ‍ॅसिडमध्ये विरघळवले, उरलं ते मायक्रोस्कोपखाली घातलं, आणि त्यात गवत निघालं. एक नाही, निदान पाच प्रकारचं. २००५ साली सायन्स या नियतकालिकात ते छापून आलं.

यात एवढं काय, असं वाटू शकतं. तर तोपर्यंत जगातले गवताचे सर्वात जुने पक्के अवशेष होते साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे, आणि डायनासोर संपले साडेसहा कोटींच्या पलीकडे. म्हणजे पुस्तकातल्या चित्रात डायनासोरच्या पायाखाली हिरवंगार गवत काढणाऱ्या चित्रकाराला शास्त्रज्ञ हसायचे, डायनासोरने गवत बघितलेलंच नाही म्हणायचे. वरोरा तालुक्यातल्या शेणाने ती गोष्ट उलटी केली. पुढे २०११ मध्ये त्याच कामातून आणखी बारीक निष्कर्ष आला, त्या गवतांमध्ये धानाच्या कुळातलं गवतही होतं. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत आज धानाच्या बांध्या आहेत, आणि त्याच्या शेजारच्याच मुलखात धानाच्या आद्य भाऊबंदांना साडेसहा कोटी वर्षांपूर्वी कोणीतरी लांब मानेचं जनावर चरत होतं. हे मला व्हॉट्सअ‍ॅपवर आजपर्यंत एकदाही आलेलं नाही.

आता 'कोणीतरी' का म्हटलं ते सांगतो, कारण मुद्दा तिथेच आहे. शेण टायटनोसॉर या लांब मानेच्या डायनासोरांच्या गटातल्या प्राण्यांचं असावं हा अंदाज आहे, तो बांधला आहे तो त्याच थरात त्यांचीच हाडं जास्त सापडतात म्हणून. शेणावर सही नसते. शिवाय त्या शेणात ताड, सूचीपर्णी, इतर झाडोराही होता, गवत त्यातला एक भाग, म्हणजे हे प्राणी मिळेल ते खात होते. 'डायनासोर गवतावर जगत होते' असं जर कोणी छापलं तर ते चूक. नागपूर विद्यापीठातल्या लोकांनीही या शेणावर नंतर काम केलंय आणि त्यातून तेव्हाच्या पाण्याबद्दल, वनस्पतींबद्दल आणखी माहिती निघत गेलीय. किती खात्री आहे, कशामुळे आहे, कुठे थांबते, हे सगळं सांगितलं तर गोष्ट कमी रंगतदार होते का? मला तर उलट वाटतं. अ‍ॅसिडवाला भाग मुलांना सांगून बघा, डोळे मोठे होतात.

आणि हे एकटं पिसदुरा नाही. त्याच भागातलं डोंगरगाव, तिथे १९८० च्या दशकात एका टायटनोसॉरचा चांगला मोठा सांगाडा मिळाला, भारतीय डायनासोरांमध्ये इतका पूर्ण सांगाडा दुर्मिळ. १९९७ ला त्याला शास्त्रीय नाव मिळालं, २००३ ला ते बदलून आयसीसॉरस झालं. हा पक्का चंद्रपूर जिल्ह्याचा डायनासोर. नागपुरातल्या कुठल्याही पोराला विचारा डायनासोर कोणता माहीत आहे, तो टी-रेक्स म्हणेल, जो उत्तर अमेरिका सोडून कधी कुठे गेला नाही. बागेत पुतळा टी-रेक्सचा, मॉलमध्ये हलणारी मान टी-रेक्सची, बर्थडे केकवर टी-रेक्स. पुतळ्याला माझा विरोध नाही, पोरांना मजा येते, येऊ द्या. पण शेजारी वरोऱ्याच्या प्राण्याचा एक पाय तरी उभा करायला काय हरकत होती?

नागपूर शहर स्वतःच या बाबतीत काय चीज आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. दख्खनच्या लाव्हाची पूर्वेकडची कड आपल्या इथे येऊन संपते. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, आणि कामठीकडे गेलात की खडकच बदलतो, वाळूचा दगड आणि त्याखाली कोळसा. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये इथे आला, शाळा काढली, गोंड लोकांची गाणी-कथा गोळा केल्या, आणि उरलेल्या वेळात सोबतच्या हंटर नावाच्या मिशनऱ्याला घेऊन खडक फोडत हिंडला. सीताबर्डीला आणि टाकळीला त्यांना लाव्हाच्या दोन थरांच्या मधे गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शिंपले सापडले. शिंपले म्हणजे तळं. म्हणजे लाव्हा एकदाच येऊन सगळं संपवून गेला नव्हता, एक थर आला, थंड झाला, त्यावर माती झाली, तळी भरली, गोगलगायी आल्या, झाडं आली, आणि मग पुन्हा लाव्हा. एका शिंपल्यावरून एवढं. नागपूरच्या जीवाश्मांवर त्या दोघांचा पेपर १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटकडची शिळावर्तुळं बघायला गेला होता, परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेला. त्याच्या नावाचं कॉलेज आहे, तिथून हजारो लोक शिकून निघाले. हा माणूस खडक फोडायचा हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

आणि १८६३ हेच आपल्या अजब बंगल्याचंही वर्ष. मध्यवर्ती संग्रहालय म्हणा कागदावर, नागपूरकरासाठी तो अजब बंगलाच. पेंढा भरलेले प्राणी, पक्षी, दगड, मूर्ती, नाणी, शस्त्रं. मला ते ठिकाण मनापासून आवडतं आणि म्हणूनच तक्रारही तिथलीच आहे, म्हणजे तिथलीच नाही, आपल्या एकूणच संग्रहालयांची आहे: वस्तूखाली नाव असतं, फार तर गावाचं नाव असतं, आणि गोष्ट संपते. कोणी आणलं, कधी, ते तेच आहे हे कशावरून ठरवलं, आधी काय समजत होते, यातलं काही नाही. मग शाळेची सहल येते, रांगेतून 'चला चला पुढे' होतं, आणि वीस मिनिटांत मुलं बाहेर आईसगोळ्याच्या गाडीवर. मुलांचा दोष नाही यात. कपाटात ठेवलेल्या हाडाकडे वीस मिनिटांपेक्षा जास्त मीही बघू शकणार नाही.

लेबल किती महत्त्वाचं असतं याची सगळ्यात भारी गोष्ट महाराष्ट्रातच घडलीय. वनपिंगळा. ह्यूम या इंग्रज पक्षीतज्ज्ञाने १८७३ मध्ये या छोट्या घुबडाचं वर्णन केलं, १८८४ नंतर तो कोणाला दिसेना. पण ब्रिटिश म्युझियममध्ये एक नमुना होता, रिचर्ड मायनर्ट्झहेगन नावाच्या नामवंत पक्षीतज्ज्ञाचा, त्यावर लिहिलेलं १९१४, मांडवी, गुजरात. म्हणून लोक गुजरातेत शोधत राहिले. अमेरिकेच्या पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांना त्या माणसाच्या संग्रहाचाच संशय आला. त्यांनी नमुन्यांचे एक्स-रे काढले, आतला कापूस बघितला, शिवण बघितली, आणि लक्षात आलं की हा नमुना चोरलेला आहे, १८८० च्या दशकात दुसऱ्याच माणसाने गोळा केलेला, पुन्हा भरून शिवून नवं लेबल लावलेला. मग त्यांनी मांडवी सोडून दिलं आणि जुन्या, खऱ्या नोंदींच्या ठिकाणांमागे लागल्या. २५ नोव्हेंबर १९९७, सकाळी, शहाद्याजवळच्या जंगलात त्यांच्यासोबतच्या बेन किंगना तो झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. नंतर आपल्या मेळघाटातही वनपिंगळे सापडले. एका खोट्या लेबलाने किती वर्षं वाया घालवली, आणि सुटका झाली तीही नशिबाने नाही, शिवण उसवून.

दुसरी गोष्ट ताजी आहे आणि मला ती जास्त शिकवण्यासारखी वाटते. २०२१ मध्ये बातमी आली, भोपाळजवळच्या भीमबेटका गुहेत डिकिन्सोनिया सापडला, म्हणजे पन्नास कोटी वर्षांहून जुन्या, जगातल्या अगदी आद्य प्राण्यांपैकी एकाचा ठसा. आपल्याकडच्या सगळ्या ग्रुपवर ती फिरली, अभिमानाने फिरली. दीड-दोन वर्षांनी फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मिअर्ट आणि त्यांचे सहकारी तिथे गेले तर ठसा भिंतीवरून सोलून निघत होता. खडकातला जीवाश्म असा सोलत नाही. ते मधमाश्यांच्या पोळ्याचं उरलेलं मेण होतं. मूळ संशोधन करणाऱ्या ग्रेगरी रिटॅलॅक यांनी ते मान्य केलं, जाहीरपणे. ही दुसरी बातमी किती जणांना आली? मला जो दिसतो तो विज्ञानाचा खरा चेहरा या दुसऱ्या बातमीत आहे, पहिलीत नाही, पण 'अरे ते मेण होतं' याला फॉरवर्डमध्ये भाव नाही.

लोणारचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं तेव्हाही हेच. चमत्कार, कलियुग, उल्केचा परिणाम. खरं तर पाणी कमी झालं, उन्हाने खारटपणा वाढला आणि खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव माजले. नमुने तपासले गेले, पुण्याच्या आघारकर संस्थेला ते हॅलोआर्किया गटातले जीव सापडले, आणि बाटलीतले जीव तळाशी बसले की वरचं पाणी नितळ होत होतं. एवढा साधा पुरावा. बाटली ठेवा आणि थांबा. हे प्रत्येक पेपरच्या पहिल्या पानावर यायला पाहिजे होतं, गुलाबी फोटोच्या बाजूला, त्याच आकारात.

आता लोक काय म्हणतात ते. पहिलं, आणि हे मला चहाच्या टपरीवर तोंडावर ऐकवलं गेलंय: 'भाऊ, इथं शेतकरी मरून राहिले नं तुम्ही शेण घेऊन बसले.' मी यावर चिडत नाही. विदर्भात राहून हा प्रश्न टाळता येत नाही. पण हिशोब करा. मी मागतोय ते गावात एक शेड, चार चांगले मराठी फलक, गावातल्या चार मुलामुलींना गाईडचं ट्रेनिंग. शहरात कारंज्यांवर, चौकातल्या रोषणाईवर जे जातं त्याच्या कोपऱ्यात हे बसतं. आणि ज्याच्या शेतात हे दगड निघतात त्यालाच जर त्याचे चार पैसे मिळाले, तर शेतकऱ्याच्या विरोधात ते कसं गेलं? ताडोब्याच्या गेटवर जिप्सी चालवणारी, गाईड असलेली मुलं गावातलीच आहेत. वाघाने रोजगार दिला हे सगळे मान्य करतात. हाडाने का देऊ नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, की गाजावाजा केला तर लोक उचलून नेतील. बरोबर आहे. आजही नेतात. शेणाचा दगड खिशात मावतो आणि आपल्याकडे जीवाश्मांना वन्यप्राण्यांसारखं कायद्याचं कवच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या खाण मंत्रालयाने भूवारसा जपण्यासाठी एका कायद्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता, त्यावर अनेक शास्त्रज्ञांनी टीका केली की सगळे अधिकार एकाच सरकारी संस्थेकडे, कोलकात्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे, जातात, बाकी संशोधकांनी कुठे जायचं. मला टीका पटते. दिल्ली-कोलकात्याच्या हातात सगळं गेलं की काय होतं याचं उदाहरण आहेच: जबलपूरला १८२८ मध्ये स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला सापडलेलं, भारतातल्या पहिल्या डायनासोरचं हाड पुढे कोलकात्याच्या संग्रहात असं हरवलं की ते २०१२ मध्ये पुन्हा 'शोधून' काढावं लागलं, आणि ते काढणाऱ्यांत नागपूरचे भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे होते. त्यामुळे माझं मत असं की जागेची राखण गावाकडे, वस्तूची नोंद विद्यापीठाकडे, आणि नेमक्या शेताचा पत्ता सगळ्यांना सांगायची गरजच नाही. गुप्त ठेवून काही वाचलेलं मला तरी दिसत नाही. ज्या गावाला माहीतच नाही की आपल्या धुऱ्यावरचा दगड काय आहे ते गाव तो राखेल कशाला?

तिसरा आक्षेप मास्तर लोकांचा. 'सर, पोरांना फक्त वाव वाटलं पाहिजे, प्रोसेस सांगितली की बोअर होतात.' हे मला अजिबात मान्य नाही. टिपेश्वरचा तो वाघ आठवा, २०१९ मध्ये पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. पोरांना त्यात सगळ्यात जास्त काय विचारायचं असतं? 'पण तुम्हाला कसं कळलं तो कुठून गेला?' मग रेडिओ कॉलर, मग सॅटेलाईट, मग नकाशा, मग तो रस्ते नि शेतं कशी ओलांडत गेला, मग पेंचमधल्या हायवेखालचे प्राण्यांसाठीचे भुयारी मार्ग, सगळं आपोआप येतं. 'कसं कळलं' हा प्रश्न मुलं स्वतः विचारतात, आपण मोठे लोक तो मारून टाकतो, कारण आपल्यालाच उत्तर येत नसतं.

तर मागणी साधी आहे. नागपूर आणि चंद्रपूरच्या जिल्हा नियोजन समित्यांनी एका वर्षाच्या निधीतून पिसदुरा-डोंगरगावची शेड आणि फलक करावेत, अजब बंगल्यात एक दालन फक्त 'हे कसं कळलं' यासाठी द्यावं, त्यात भीमबेटकाचं मेणही असावं आणि वनपिंगळ्याचं खोटं लेबलही, आणि मोहर्लीला जाणाऱ्या शाळेच्या बसेस दोन तास वरोऱ्याला वळवाव्यात. मजकूर तिथे काम केलेल्या माणसांकडून लिहून घ्यावा, एजन्सीकडून नको. आणि एवढं सगळं होऊन पिसदुऱ्याच्या फलकावर जर टी-रेक्सचं चित्र आलं, तर रंगाचा डबा घेऊन मी स्वतः जाणार आहे, सांगून ठेवतो.